सांगलीच्या अडतीतील ३८६ आणि क्यूईएमएम-डेस्कव्ह्यूची जोडी

गावभागातील आमच्या घराच्या माडीवर एक ३८६ (म्हणजे ८०३८६ प्रोसेसरचा) संगणक गोणपाटात बांधून ठेवलेला होता. माडीवर होता म्हणूनच २००५ आणि २०१९ या दोन्ही महापुरांतून तो वाचला. पुराने सोडले, तरी वयाने त्याला सोडले नव्हते. मदरबोर्डवरील पिंपाच्या आकाराची बॅटरी गळून तिच्या भोवतालचा तांब्याचा माग हिरवा पडला होता आणि हार्ड डिस्कमधून नुसता खरखरीचा आवाज येत होता. बॅटरी काढून टाकली, माग साफ करून दोन ठिकाणी तार जोडली, हार्ड डिस्कच्या जागी अ‍ॅडॉप्टरवर कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बसवले आणि ३३ मेगाहर्ट्झचा तो ३८६ डीएक्स पुन्हा उभा राहिला. ज्या सॉफ्टवेअरच्या जोरावर १९९३ ते १९९६ या काळात त्याने मार्केट यार्डातील आमच्या हळदीच्या अडतीचा हिशोब सांभाळला, ती क्वार्टरडेक कंपनीची क्यूईएमएम (मेमरीची व्यवस्था लावणारे) आणि डेस्कव्ह्यू (एका वेळी अनेक प्रोग्रॅम चालवू देणारे) ही जोडी मी त्यावर नव्याने बसवली. जुनी यंत्रे जिवंत ठेवण्याची हौस असलेल्यांसाठी हा अभिप्राय लिहीत आहे. ज्यांनी त्या काळी केवळ डॉस (आज्ञा टंकून चालवायची, विंडोजआधीची कार्यप्रणाली) वापरले आणि ही जोडी कधी पाहिलीच नाही, त्यांनाही तो उपयोगी पडावा.

ही जोडी नेमके काय करते, हे कळण्यासाठी आधी दुखणे कळायला हवे. १९८१ च्या आयबीएम पीसीमधील ८०८८ या प्रोसेसरला पत्त्याच्या वीस रेषा होत्या, त्यामुळे त्याला एकूण १ एमबी एवढाच प्रदेश दिसत असे. त्यापैकी वरचे ३८४ केबी पडद्याची मेमरी, कार्डांवरील रॉम (कायम भरलेली, न पुसली जाणारी मेमरी) आणि बायोस (यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) यांच्यासाठी राखून ठेवले गेले आणि डॉस व त्यावरील प्रोग्रॅम यांच्या वाट्याला खालचे ६४० केबी आले. लोटस १-२-३ मध्ये मोठा तक्ता उघडला की ते संपत. मग एका वेळी दोन प्रोग्रॅम चालवण्याची गोष्ट कुठून काढायची? पुढे ८०२८६ ने १६ एमबी आणि ८०३८६ ने ४ जीबीपर्यंतचा पत्ता दिला, तरी डॉस आणि त्याचे प्रोग्रॅम त्याच पहिल्या मेगाबाइटमध्ये राहण्याच्या सवयीचे होते. यंत्रात ८ एमबी रॅम आहे आणि प्रोग्रॅम मात्र मेमरी पुरत नाही म्हणून अडून बसला आहे, हे दृश्य त्या काळी रोजचे होते.

यावर १९८५ मध्ये लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून जो तोडगा काढला, त्याला एक्सपांडेड मेमरी किंवा ईएमएस म्हणतात. सांगलीकराला तो हरिपूरच्या पेवांवरून चटकन समजेल. हळद जमिनीखालच्या पेवात वर्षानुवर्षे पडून राहू शकते, पण तिथे उतरून कोणी सौदा करत नाही. हवा तेवढा माल वर काढून अडतीच्या ओट्यावर मांडावा लागतो. ईएमएसचे कार्ड (यंत्रात वेगळे बसवायचे जादा मेमरीचे कार्ड) म्हणजे पेव आणि वरच्या ३८४ केबीतली ६४ केबीची चौकट म्हणजे ओटा. त्या ओट्यावर १६ केबीचे चार ढीग मावत. पाचवा हवा असेल, तर आधीच्या चारांपैकी एक परत पेवात टाकायचा. अशा रीतीने ८ एमबीपर्यंतचा साठा प्रोसेसरला थोडा थोडा दिसत असे. उपमा एका ठिकाणी मात्र तुटते. पेवातली पोती काढायला हमालांचा अर्धा दिवस जातो, तर कार्डावरचा ढीग बदलायला नुसता एक आकडा बदलावा लागत असे. माल जागचा हलत नसे, त्याचा पत्ता बदलत असे.

तक्त्यातील आकडे साठवायला चार ढिगांचा ओटा पुरेसा होता, परंतु त्यावर संपूर्ण प्रोग्रॅम चालवणे शक्य नव्हते. एएसटी, क्वाड्रम आणि अ‍ॅश्टन-टेट यांनी १९८६ मध्ये जी सुधारित पद्धत आणली आणि जिच्यातील बराचसा भाग १९८७ च्या ईएमएस ४.० मध्ये सामावला गेला, तिने खालच्या ६४० केबीतील जागाही अशीच अदलाबदल करण्याजोगी केली. त्यासाठी एक विचित्र वाटणारी कसरत करावी लागे. मदरबोर्डवरची मेमरी जागची हलवता येत नसल्यामुळे तिच्यातील २५६ केबीच्या वरचा भाग स्विच लावून चक्क बंद करायचा आणि ती पोकळी कार्डावरील मेमरीने भरायची. आपल्या पैशाने घेतलेली मेमरी आपणच बंद करायची, ही कल्पना अडतीतील कोणत्याही हिशोबनीसाला पटली नसती. परंतु त्यामुळे ३८४ केबीचा पूर्ण प्रोग्रॅम एका क्षणात बाजूला करून त्याच पत्त्यावर दुसरा आणता येऊ लागला. डेस्कव्ह्यूचे मल्टिटास्किंग, म्हणजे एका वेळी अनेक प्रोग्रॅम चालवणे, मुळात या युक्तीवर उभे आहे. ३८६ आल्यावर कार्डाची गरजच संपली, कारण ४ केबीच्या पानांची अदलाबदल करणारी यंत्रणा प्रोसेसरच्या पोटातच होती आणि व्हर्च्युअल ८०८६ नावाची अवस्था एका ३८६ ला अनेक ८०८६ असल्याचा आव आणू देत होती. साध्या रॅमला सॉफ्टवेअरने ईएमएसचे रूप देणारा आणि हे सगळे सांभाळणारा दिवाणजी म्हणजे क्यूईएमएम.

आता प्रत्यक्ष बसवण्याविषयी. माझ्या यंत्रात १ एमबीच्या चार पट्ट्या, म्हणजे एकूण ४ एमबी रॅम होती. ३० पिनांच्या या पट्ट्या ३८६ डीएक्समध्ये चारच्या पटीतच घालाव्या लागतात, कारण प्रत्येक पट्टी ८ बिटांची आणि प्रोसेसरची वाट ३२ बिटांची असते. आणखी चार पट्ट्या मी जुने सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानातून घेतल्या. दुकानदाराने "सगळ्या एकाच लॉटच्या आहेत" असे छातीठोकपणे सांगितले आणि मीही घाईत त्या न मोजता खिशात टाकल्या. घरी येऊन यंत्र सुरू करताच पडद्यावर पॅरिटी एरर उभी राहिली. भिंग घेऊन पाहिले, तर तीन पट्ट्यांवर नऊ-नऊ चिपा आणि चौथीवर आठच. नववी चिप प्रत्येक बाइटचा पडताळा ठेवते. ती नसली की पडताळा मागणारे यंत्र जागेवर अडून बसते. दुकानदाराने पट्टी बदलून दिली खरी, पण चूक कबूल केली नाही. पट्ट्या घेताना चिपा मोजून घ्याव्यात.

क्यूईएमएम बसवणे सोपे आहे. त्यातील ऑप्टिमाइझ हा प्रोग्रॅम यंत्र दोन-तीन वेळा आपणहून बंद-चालू करतो, प्रत्येक ड्रायव्हर (एखादे उपकरण चालवणारा छोटा प्रोग्रॅम) किती जागा खातो ते मोजतो, कोण कुठे बसेल याची जुळणी लावतो आणि कॉन्फिग डॉट सिस व ऑटोएक्झेक डॉट बॅट या यंत्र सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या दोन्ही फायली नव्याने लिहून देतो. माउस, कॅश (डिस्कवरील माहिती मेमरीत हाताशी ठेवणारा प्रोग्रॅम), नेटवर्कचे ड्रायव्हर आणि शेअर (एकच फाइल दोघांनी उघडल्यास लक्ष ठेवणारा डॉसचा प्रोग्रॅम) एवढे सगळे असताना डॉस ६.२२ च्या मेम आज्ञेने सुरुवातीला ५३८ केबी मोकळे दाखवले होते. ऑप्टिमाइझनंतर तोच आकडा ६२९ झाला. यातील मोठा वाटा स्टेल्थ या करामतीचा आहे. बायोसची ६४ केबी आणि व्हीजीए या पडद्याच्या कार्डाची ३२ केबी रॉम वरच्या प्रदेशात कायम पाय पसरून बसलेली असते, वास्तविक तिचे काम क्षणभराचे असते. स्टेल्थ तिला नजरेआड करते, तिच्या जागी ड्रायव्हर बसवते आणि रॉमची हाक आली की तेवढ्यापुरती तिला ६४ केबीच्या चौकटीत आणून उभी करते. डॉसबरोबर फुकट मिळणारे ईएमएम३८६ आणि मेममेकर हे करत नाहीत. त्याच यंत्रावर, त्याच ड्रायव्हरांसह मेममेकरने मला ५९४ केबीपर्यंत नेले. घरी एखादा खेळ चालवण्यापुरते ते पुरेसे आहे आणि त्यासाठी क्यूईएमएम शोधत फिरण्याची गरज नाही.

पहिल्या प्रयत्नात सगळे सुरळीत झाले, असे मात्र नाही. ऑप्टिमाइझ संपून यंत्र सुरू झाले, डॉसचा प्रॉम्प्ट आला आणि नेटवर्कचा ड्रायव्हर चढताच पडदा गोठला. दोष क्यूईएमएमचा नव्हता. माझ्या जुन्या नेटवर्क कार्डाची स्वतःची १६ केबी मेमरी डी००० या पत्त्यावर आहे, पण ड्रायव्हर जागा करेपर्यंत ती झोपलेली असते. क्यूईएमएमने पाहणी केली तेव्हा ती जागा रिकामी वाटली, तिथे दुसरे बिऱ्हाड बसवले गेले आणि मूळ मालक जागा झाल्यावर भांडण जुंपले. क्यूईएमएमच्या ओळीत एक्स=डी०००-डी३एफएफ एवढे लिहून ती जागा वर्ज्य केली, चौकट ई००० वर नेली आणि भांडण मिटले. असे काही झाल्यास सोबतचा मॅनिफेस्ट हा प्रोग्रॅम उघडावा. पहिल्या मेगाबाइटचा ४-४ केबीच्या चौकोनांचा नकाशा त्यात दिसतो आणि कोणता चौकोन कोणी वापरला, कोणता उगाच अडवला आहे, हे अक्षरांनी दाखवलेले असते. सातबारा वाचता येणाऱ्याला हा नकाशा जड जाणार नाही. या जोडीतील मला सर्वांत आवडलेली वस्तू तीच आहे, कारण ती नुसता निकाल न देता कारणही दाखवते.

आता या अभिप्रायातील मुख्य मुद्दा. मल्टिटास्किंगसाठी रॅम वाढवावी लागते, अशी सर्वसाधारण समजूत असते आणि त्या काळी माझीही होती. १९९४ च्या हळदीच्या हंगामात मी काकांना गळ घालून रॅम ४ वरून ८ एमबी करून घेतली होती (त्या चार पट्ट्या पुढे दुसऱ्या यंत्रात गेल्या), आणि तरीही फॉक्सबेस या डेटाबेस प्रोग्रॅमच्या खिडकीत मेमरी अपुरी असल्याचा तोच निरोप येत राहिला. काका काही बोलले नाहीत, पण बिल त्यांनी टेबलावर माझ्या बाजूला सरकवले. कारण नंतर कळले. डेस्कव्ह्यूच्या प्रत्येक खिडकीला स्वतःचे ६४० केबी मिळाल्यासारखे वाटते. पण डेस्कव्ह्यू सुरू होण्यापूर्वी जे जे खाली चढलेले असते, ते प्रत्येक खिडकीच्या तळाशी तसेच बसलेले राहते. डॉस, कॅश आणि माउस मिळून खाली ९० केबी बसले असतील, तर ते ९० केबी पहिल्या खिडकीतून वजा, दुसरीतून वजा आणि चौथीतूनही वजा. उलट बाजूने, खालून वाचवलेला एक केबी सगळ्याच खिडक्यांना परत मिळतो. एमबी वाढवल्याने खिडक्यांची संख्या वाढते. खिडकीची उंची वाढते ती खालचे ६४० मोकळे केल्याने. माझी पहिली चूक अशी, की उंची हवी असताना मी संख्या विकत घेतली होती.

याच हिशोबातून दुसरा एक निर्णय निघतो. पहिल्या मेगाबाइटच्या लगेच वर जवळजवळ ६४ केबीचा हाय मेमरी एरिया आहे आणि तो एका वेळी एकाच मालकाला मिळतो. डॉस=हाय लिहिल्यास तो डॉसला जातो; ते न लिहिल्यास डेस्कव्ह्यू स्वतःचा मोठा भाग तिथे ठेवू शकतो. दोन्ही करून पाहिले. माझ्या यंत्रावर तो डेस्कव्ह्यूला दिल्यावर सर्वांत मोठी खिडकी काही केबींनी वाढली. पण तुमचे ड्रायव्हर वेगळे असतील, तर पारडे दुसऱ्या बाजूलाही झुकू शकते. दोन्ही मोजूनच ठरवावे.

डेस्कव्ह्यूमध्ये प्रत्यक्ष काम कसे चालते, हे सांगण्यासाठी मला त्या वेळच्या दुपारीच जावे लागेल. सौदे आटोपले की शेतकरी हिशोबपट्टीसाठी दुकानात येऊन बसत. वजन, भाव, हमाली, तोलाई वजा जाता निव्वळ रक्कम, अशी प्रत्येकाची पट्टी डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर करकरत निघे आणि साध्या डॉसमध्ये ती निघत असताना यंत्राला हात लावता येत नसे. आमचे दिवाणजी चष्मा कपाळावर चढवून मागे उभे राहत आणि म्हणत, "छोटे मालक, छपाई चालू द्या, पण तासगावच्या पार्टीचा उतारा तेवढा बघू द्या की." त्या एका वाक्यासाठी डेस्कव्ह्यू घेतले गेले. त्यात ऑल्ट कळ एकदा दाबून सोडली की छोटी यादी उघडते; खिडकीचा आकडा दाबला की त्या खिडकीत जाता येते. पहिल्या खिडकीत पट्ट्या छापल्या जात, दुसरीत खातेवही उघडी असे, तिसरीत वर्डस्टारमध्ये व्यापाऱ्यांना पाठवायचे पत्र अर्धवट लिहिलेले असे. खात्यातील शिल्लक मार्क करून पत्रात ट्रान्सफर करता येई, त्यामुळे आकडा पुन्हा टंकावा लागत नसे आणि चुकतही नसे. दिवाणजींनी पंधरा दिवसांत ऑल्ट कळ आत्मसात केली. माउसला मात्र त्यांनी शेवटपर्यंत हात लावला नाही.

हे सगळे माझ्या ३८६ वर आजही तसेच चालते आणि त्याचा वेग अजूनही सुखावतो. घड्याळाचा ठोका सेकंदाला साधारण अठरा वेळा पडतो. पुढच्या खिडकीला किती ठोके आणि मागच्यांना किती, हे स्वतः ठरवता येते. मी पुढे सहा आणि मागे तीन ठेवले आहेत. यापेक्षा मागे जास्त दिले, तर टंकताना अक्षरे उशिरा उमटतात. कमी दिले, तर प्रिंटर ओळीमागे थबकतो. डॉसचे बरेच प्रोग्रॅम डॉसला न विचारता थेट पडद्याच्या मेमरीत लिहितात आणि ३८६ पूर्वीच्या यंत्रांवर असे आडदांड प्रोग्रॅम मागे राहून चालत नसत. ३८६ वर डेस्कव्ह्यू त्यांना खोटा पडदा देऊन गप्प बसवतो. त्यासाठी प्रोग्रॅमची नोंद करताना मेमरी किती, थेट लिहितो का, मागे चालवायचा का, असे प्रश्न भरावे लागतात. हा फॉर्म रुक्ष आहे. पण एकदा नीट भरला की पुन्हा उघडावा लागत नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. दोन खिडक्यांतून एकच डीबीएफ (फॉक्सबेसच्या नोंदींची) फाइल लिहिण्यासाठी उघडली, तर डेस्कव्ह्यू आपल्याला अडवत नाही. शेअर चढवणे आणि प्रोग्रॅमने फाइल लॉक करणे ही जबाबदारी वापरणाऱ्याचीच आहे. मी ती एकदा पार पाडली नाही आणि एका रविवारी पूर्ण इंडेक्स पुन्हा बांधत बसलो. वीज गेली की एक नाही, चार कामे एकदम जातात. सांगलीतील उन्हाळ्याच्या दुपारी यूपीएसशिवाय चार खिडक्या उघडणे हे धाडसच होते. पडदा मुळात अक्षरांचा, त्यामुळे चित्रे दाखवणारे प्रोग्रॅम मागे ठेवण्यात अडचणी येतात. व्हिडरॅम ही सोबतची सोय चित्रांची मेमरी उसनी घेऊन खालची जागा ७३६ केबीपर्यंत नेते. पण ती चालू असताना ईजीए-व्हीजीएची चित्रे पूर्णपणे सोडून द्यावी लागतात. फक्त खातेवही चालवणाऱ्याने ती जरूर वापरावी.

आणि देवनागरी. आमच्या अडतीतून ही जोडी गेली ती मेमरीच्या प्रश्नामुळे नव्हे. शेतकऱ्यांना पट्टी मराठीत हवी होती, पत्रे मराठीत हवी होती आणि विंडोज ३.१ वर देवनागरी फॉन्ट घालून ती सुबक छापता येऊ लागली होती. विंडोज त्याच यंत्रावर दमून चालत असे, एका खिडकीतून दुसरीत जाताना डिस्कचा दिवा लुकलुकत राही, तरी कागदावर "श्री गणेशाय नमः" उमटल्यावर दिवाणजींनी दुसरे काही ऐकून घेतले नाही. विंडोज ९५ नंतर तर हा सगळा खटाटोप सामान्य वापरणाऱ्याच्या दृष्टीआड गेला आणि १९९८ मध्ये क्वार्टरडेक कंपनी सिमँटेकने विकत घेतली.

आज हे कोणी घ्यावे? ज्याच्याकडे ३८६ किंवा ४८६ आहे, ज्याला डॉसचे अक्षरी प्रोग्रॅम एकत्र चालवायचे आहेत आणि ज्याला नकाशा उघडून बसण्याचा कंटाळा नाही, त्याने जरूर. २८६ वाल्याला ईएमएस ४.० चे खरे कार्ड मिळाल्याशिवाय यातले फारसे काही साधणार नाही. रॅम ४ एमबी असल्यास तीन बऱ्या खिडक्या निघतात. ८ च्या पुढे पैसे घालू नयेत. क्यूईएमएमला मी पाचपैकी साडेचार गुण देईन आणि डेस्कव्ह्यूला चार. डेस्कव्ह्यूचा कापलेला एक गुण त्या रविवारचा आहे. चूक माझी होती, हे मान्य करूनही मी तो परत देत नाही.

माझ्या यंत्राच्या कॉन्फिगमधील क्यूईएमएमची ओळ, ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी, अशी आहे: रॅम (वरच्या प्रदेशातील रिकामी जागा वापरा), एसटी:एम (स्टेल्थ चालू), एफआर=ई००० (चौकटीचा पत्ता), एक्स=डी०००-डी३एफएफ (वर्ज्य जागा). नेटवर्क कार्ड नसल्यास शेवटचा तुकडा गाळावा, तेवढ्याने आणखी १६ केबी सुटतात.